कालोमोचा नवाकोरा जुना शर्ट

मिस्टर एंग यांना अननस चालत नसे. एक फोड खाल्ली तरी ओठ सुजायचे आणि घशाला खाज सुटायची. याच माणसाने अठरा वर्षं टायरच्या कारखान्यांच्या आमच्या ॲक्रन शहराला अननस खाऊ घातला. डुकराच्या मांसात अननस, कोंबडीत अननस, भातावर अननस, आणि दारूचा पेला म्हणून आतून पोखरलेला अख्खा अननस. तो टेबलावर नेऊन ठेवायचं काम माझं. माझं नाव व्हर्ना स्टॅम्पर. पण हॉटेलात छातीवरच्या पट्टीवर ‘लानी’ लिहिलेलं असायचं. केसांत प्लास्टिकचं जास्वंद, कमरेला फुलाफुलांचं वस्त्र, आणि त्याच्या वर-खाली माझी वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातली तांबूस ठिपक्यांची कातडी. गिऱ्हाईक विचारायचं, “कुठल्या बेटावरची गं तू?” मी म्हणायचे, “लहान आहे, नकाशात नाही दिसायचं.”

मिस्टर एंग यांचं खरं नाव गिम-फून. दक्षिण चीनमधल्या एका खेड्यातून ते कोवळ्या वयात ॲक्रनला आपल्या काकाच्या लाँड्रीत आले. टायर कारखान्यातल्या साहेबांचे शर्ट त्यांनी काही वर्षं इस्त्री केले. शहराने गिम-फूनचं जिम करून टाकलं. मग बायको आली, सुए लिन. तिच्या हाताला चव होती आणि यांच्या हाताला त्याहून थोडी जास्त, असं ते म्हणायचे. ती म्हणायची, उलट. दोघांनी पै-पैसा जोडून स्टेशनजवळ छोटंसं हॉटेल काढलं आणि घरी खायचे तेच रांधायला लागले. वाफेवरचा अख्खा मासा, वर आलं, पातीचा कांदा आणि कडकडीत तेल. काळ्या सोयाबीनमधलं कारलं. खारवलेली बदकाची अंडी.

लोक येत, माशाकडे बघत, मासा त्यांच्याकडे बघे.

“याचं डोकं काढलं नाही?”

“मासा आहे तो,” मिस्टर एंग म्हणायचे.

“ते कळलं हो. हॅम्बर्गर मिळेल का?”

तीन वर्षं त्या दोघांनी हॅम्बर्गर भाजले आणि मासा स्वतःच खाल्ला.

एके दिवशी दारूच्या बाटल्या पोचवणारा विक्रेता काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, “जिम, तू चुकतोयस कुठे सांगू? लोकांना चीन नकोय. त्यांना दक्षिण समुद्रातली बेटं हवीत. ताडाची झाडं, लाकडी देव, पेल्यात छत्री. त्याला टिकी म्हणतात. सगळ्या देशात वेड लागलंय.”

“मी त्या बेटांवर गेलो नाही.”

“अरे, मग कोण गेलंय? तू निदान तसा दिसतोस तरी!”

हे ऐकून मिस्टर एंग यांनी दोन दिवस हॅम्बर्गरच भाजले, असं सुए लिन सांगायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताडाच्या झावळ्यांची चौकशी केली.

नवं हॉटेल जुन्या बोलिंगच्या अड्ड्यात थाटलं. दिव्यांची पाटी महाग पडत होती, म्हणून तळ्याकाठच्या एका बंद पडलेल्या मोटेलची अक्षरं उचलून आणली. दोघं नवराबायको जमिनीवर बसून ती अक्षरं पुढेमागे करत राहिले आणि शेवटी ‘कालोमो’ जुळलं. अर्थ काहीच नाही. पुढे एका शाळामास्तरने शोधून काढलं की कालोमो नावाचं गाव खरोखरच आहे, पण आफ्रिकेत, आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर. त्याने हे मिस्टर एंग यांना मोठ्या आनंदाने ऐकवलं. त्यांनी त्याच्या टेबलावर भजी फुकट पाठवली आणि हे कुणाला सांगू नका म्हणून विनवलं.

दारातला लाकडी देव माझ्या बापाने कोरला. बापू टायर कारखान्यात होता, पण मूळचा डोंगरातला. करवत हातात आली की त्याला फक्त अस्वलं सुचायची. मिस्टर एंग यांनी त्याला मासिकातलं एक चित्र दाखवलं. “राग आलेला चेहरा हवा,” म्हणाले. बापूला रागावलेला चेहरा एकच पाठ होता, त्याच्या फोरमनचा. जाड भुवया, लोंबता ओठ, सगळं हुबेहूब उतरलं. तो फोरमन पुढे दर शनिवारी बायकोला घेऊन यायचा आणि आत शिरताना नशीब उघडावं म्हणून देवाच्या पोटावरून हात फिरवायचा. बापू घरी हे आठवून आठवून हसायचा. त्याला कारखान्यात एवढा आनंद कधी झाला नव्हता.

कालोमो चाललं. फार जोरात नाही, पण शनिवारी टेबल मिळत नसे. मिस्टर एंग यांना भडक फुलांचा शर्ट घालून टेबलाटेबलावर जाऊन ‘आलोहा’, म्हणजे बेटांवरचा नमस्कार, म्हणावं लागणार होतं. ते काही त्यांच्या तोंडून निघेना. ते खाली मान घालून पुटपुटत ‘हॅलो’ म्हणायचे. लोकांना ते आलोहाच ऐकू यायचं. बेट कुठलं म्हणून विचारलं तर सांगायचे, “मी दक्षिणेकडचा.” हे खरंच होतं.

एका कोपऱ्यात छताला भोकाभोकांचा पाइप लावून पाऊस पाडायची सोय होती. गडगडाटाची रेकॉर्ड लागायची आणि काचेमागे सरी कोसळायच्या. पण खरं छप्परही दुसऱ्या कोपऱ्यात गळायचं. बाहेर बर्फ वितळायला लागलं की धार थेट एखाद्याच्या सूपमध्ये. लोक टाळ्या वाजवायचे. मिस्टर एंग कोरड्या चेहऱ्याने वाकून नमस्कार करायचे आणि आत येऊन मला म्हणायचे, “व्हर्ना, बादली!”

दुपारी, हॉटेल उघडायच्या आधी, आम्ही नोकरमाणसं मागच्या टेबलावर जेवायचो. तेव्हा तो मासा यायचा. मी डोंगरातली पोर, मासा म्हणजे पिठात घोळून तळलेला एवढंच ठाऊक. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मिस्टर एंग समोर उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते.

“कसाय?”

“मालक, हा आपण बाहेर का नाही देत?”

ते सुए लिनकडे बघून आपल्या भाषेत काहीतरी बोलले. ती हसली, पण डोळे पुसून आत गेली. कारलं मात्र मला कधी जमलं नाही. मी ते भाताखाली लपवायचे. त्यांना ते दिसायचं आणि दुसऱ्या दिवशी ते मला डाव भरून जास्त वाढायचे.

मग कारखाने एकामागून एक बसायला लागले. लोक गाव सोडून जायला लागले, आणि जे राहिले त्यांना लाकडी देवांची लाज वाटायला लागली. गावातल्या पेपरात एकाने लिहिलं की कालोमो म्हणजे धूळ बसलेला विनोद. मिस्टर एंग यांनी ते वाचलं, शिडी आणली आणि सगळ्या झावळ्या पुसून काढल्या. तरी कुणी आलं नाही. शेवटच्या शनिवारी आम्ही नोकर जास्त होतो आणि गिऱ्हाइकं कमी. त्यातला एकजण तर रस्ता विचारायला आला होता.

देव कुणी विकत घेईना. बापूने तो गाडीवर टाकून घरी आणला आणि त्या हिवाळ्यात फोडून शेगडीत घातला. “फोरमन जळतो छान,” एवढंच म्हणाला.

मिस्टर एंग एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागले आणि निवृत्त होईपर्यंत पोरांना पिझ्झा आणि कुस्करलेला बटाटा वाढत राहिले. वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं. “इथे शर्ट पांढरा असतो,” म्हणाले. सुए लिन गेली. मुलगी मार्लीन दाताची डॉक्टर झाली. म्हातारा मागच्या अंगणात कारल्याचे वेल चढवायचा. त्यांची नजर अधू झाल्यावर दर गुरुवारी मी त्यांना गाडीतून किराणा आणायला न्यायचे. बोलणं फार नसायचं. मी गाडी चालवायचे आणि ते माझ्या चालवण्याला नावं ठेवायचे.

अशाच एका गुरुवारी दुकानाच्या रांगेत आमच्या पुढे दाढीवाला एक तरुण उभा होता. तो वळला. त्याच्या छातीवर बापूचा फोरमन होता. त्याच भुवया, तोच ओठ. वर वाकड्या अक्षरांत ‘कालोमो’, आणि खाली ‘ॲक्रनचं हरवलेलं नंदनवन, १९५४ पासून’.

“मालक,” मी कुजबुजले, “बघताय का?”

त्यांनी चष्मा पुढे-मागे केला. मग बोटाने त्या पोराच्या छातीवर टकटक केलं. “हे कुठे मिळालं?”

“भारी आहे ना, आजोबा? कोल्टनच्या दुकानात. जुन्या टायर-गोदामात आहे बघा.”

“चोपन्न साल चूक आहे,” मिस्टर एंग म्हणाले. पोराला वाटलं म्हातारा भरकटलाय. त्याने गोड हसून त्यांची पिशवी उचलून दिली.

आम्ही तिथून सरळ गोदामात गेलो. कोल्टन तिशीतला असेल, म्हणजे कालोमोला कुलूप लागल्यावर काही वर्षांनी जन्मलेला. दुकानात फक्त मेलेल्या जागांचे शर्ट. बंद पडलेली थिएटरं, बंद पडलेली स्केटिंगची मैदानं, बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या गाड्या. जिवंत असं काही नाही. मिस्टर एंग यांनी कालोमोचा शर्ट हातात घेऊन उजेडात धरला. कापड विटकं, अक्षरांना चिरा, गळपट्टी उसवायला आलेली.

“वापरलेला आहे?”

“नाही नाही, नवाकोरा,” कोल्टन म्हणाला. “आम्ही घासून घासून जुना करतो. मेहनत आहे त्यात.”

“मी लाँड्रीत होतो,” मिस्टर एंग म्हणाले. “असा शर्ट गिऱ्हाइकाला दिला असता तर काकाने माझ्या कानाखाली वाजवली असती.”

कोल्टन खळखळून हसला आणि आम्हाला कालोमोची हकीकत सांगायला बसला. आतमध्ये धबधबा होता. वाढणाऱ्या मुली खास बेटांवरून आणलेल्या. देव एका अख्ख्या खडकातून घडवलेला आणि आता म्हणे हवाईतल्या कुठल्याशा कोट्यधीशाच्या बागेत आहे. “आणि मालक ताहितीच्या राजघराण्यातला होता,” तो म्हणाला.

“हो का?” मिस्टर एंग म्हणाले. “मग हॉटेल कशाला चालवायचा?”

“काहीतरी बंड वगैरे झालं असणार. दुःखी माणूस होता म्हणतात.”

“ते खरं आहे,” मिस्टर एंग म्हणाले.

मला राहवेना. “अरे बाबा, हाच तो मालक! आणि खास बेटावरून आणलेली मुलगी म्हणजे मी! आणि तुझा तो खडकाचा देव माझ्या बापाने शेगडीत जाळला!”

कोल्टन आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिला. मिस्टर एंग यांच्याबद्दल ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याबद्दल ऐकून त्याने माझे हात हातात घेतले. देवाबद्दल ऐकून मात्र तो खाली बसला. “जाळला?” तो परत परत विचारत होता. “थोडासुद्धा उरला नाही?”

आठवडा झाला नाही तोच त्याचा बेत ठरला होता. अग्निशमन दलाचा हॉल घ्यायचा, सगळ्यांनी शर्ट घालून यायचं आणि कालोमोच्या मालकाचा सत्कार करायचा. मार्लीन भडकली. “बाबा, तुमचं हॉटेल बुडत होतं तेव्हा यांचे आईबाप कुठे होते? आता कशाला जायचं त्यांच्यापुढे फुलांचा शर्ट घालून?”

“शर्ट नाही घालणार,” मिस्टर एंग म्हणाले. “स्वयंपाक करणार.”

कोल्टन आनंदाने उडालाच. “अननसातलं मांस?”

मिस्टर एंग नुसते मान हलवत होते, आणि ती मान हो म्हणत होती की नाही ते कुणाला कळलं नाही. मला कळलं. कारण पुढच्या गुरुवारी ते मला किराण्याच्या दुकानात नाही, तर तळ्याकाठच्या मासेवाल्याकडे घेऊन गेले.

हॉल भरला. दारातून जिकडे बघावं तिकडे बापूचा फोरमन, लहान, मध्यम आणि ढेरीवर ताणलेला. एवढी माणसं एका वेळी कालोमोत कधीच मावली नसती, आणि प्रत्येकजण म्हणे दर शनिवारी यायचा. एका टकलू गृहस्थाने सांगितलं की त्याने बायकोला मागणी त्या धबधब्याखाली घातली. मी म्हटलं, “तो धबधबा नव्हता हो, छप्पर गळत होतं.” तो माझ्याकडे दयेने बघून म्हणाला, “तुम्ही दुसऱ्या बाजूला वाढत असणार.” दोघीतिघींनी मला लानी म्हणून मिठी मारली. त्यातल्या एकीला मी तिच्या आईच्या पोटात असल्यापासून ओळखते. तिचे आईबाप हॉटेल बंद झाल्यावर दूर कॅन्सासहून इथे आले.

मग मासे बाहेर आले. मोठमोठ्या ताटांत, अख्खे, डोक्यासकट. मिस्टर एंग शाळेतला पांढरा शर्ट घालून दारात उभे होते आणि मी त्यांच्या शेजारी. त्यांनी पळीने कडकडीत तेल ओतलं, आलं चुरचुरलं, वास हॉलभर पसरला आणि सगळ्या माना ताटांकडे वळल्या. मासे माणसांकडे बघत होते. कोल्टनचा चेहरा पांढराफटक. कुणीतरी आता हॅम्बर्गर मागणार, असं मला वाटलं. मिस्टर एंग यांचा हात माझ्या दंडावर होता आणि तो चांगलाच आवळलेला होता.

पुढच्या टेबलावरच्या लाल केसांच्या एका धिप्पाड बाईने घास घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला.

“अगं बाई!” ती ओरडली. “तीच चव! अगदी तीच!”

“कोणती?” तिचा नवरा.

“कालोमोची रे! आई मला हाच मासा भरवायची!”

त्यावर हॉल जागा झाला. हो हो, तोच. आलं तेच. पातीचा कांदा तोच. ताटं रिकामी व्हायला लागली, माशांच्या डोक्यापाशी काटेचमचे आपटायला लागले. कारलं बाहेर नेलं, तेही संपलं. “हे तर आम्ही मुद्दाम मागवायचो,” असं एकजण तोंड वाकडं करत म्हणत होता आणि चावत होता. टकलू गृहस्थ दारापर्यंत आला आणि मिस्टर एंग यांचा हात हातात घेऊन हळूच म्हणाला, “अप्रतिम. राग मानू नका, पण तेव्हा आलं जरा जास्त असायचं.”

“लक्षात ठेवतो,” मिस्टर एंग म्हणाले.

मार्लीन लालबुंद होऊन आली. “बाबा, हा मासा कालोमोत एकदाही कुणाला दिलेला नाही. ही सगळी माणसं खोटं बोलतायत!”

“बोलू दे,” ते म्हणाले. “खातायत ना?”

“तुम्हाला चीड नाही येत?”

“तीन वर्षं मी हा मासा लोकांपुढे ठेवला, मार्ली. तेव्हा सगळे खरं बोलायचे.”

गाडीत बसल्यावर त्यांना हसू फुटलं. “आलं जरा जास्त असायचं,” एवढं म्हणायचे आणि परत हसायचे. चष्मा काढावा लागला. मीही हसत होते आणि मार्लीन मागच्या सीटवर बसून आधी रागावली आणि मग तीही हसली. घराच्या वळणावर त्यांनी चष्मा परत चढवला. म्हणाले, “व्हर्ना, आमच्या पहिल्या हॉटेलाचं नाव एकालाही आठवलं नाही. सुए लिनने ती पाटी स्वतः रंगवली होती.”

मी विचारलं, “काय होतं?”

“एंग आणि एंग,” म्हणाले. “तिचा एंग आधी.”

पुढच्या महिन्यात कोल्टनने दुसरा शर्ट काढला. त्यावर अख्खा मासा, डोक्यासकट, आणि खाली ‘कालोमोचा प्रसिद्ध आल्याचा मासा, १९५४ पासून’. देवापेक्षा तो जास्त खपला. मिस्टर एंग यांना त्याने दोन्ही शर्ट भेट दिले. देवाचा त्यांनी दुमडून ठेवला. माशाचा ते कारल्याच्या वेलांना पाणी घालताना घालायचे, आणि शेजाऱ्याने विचारलं तर चोपन्न साल चुकीचं आहे हे न विसरता सांगायचे.

तो समारंभ दरवर्षी व्हायला लागला. चार वर्षं त्यांनीच मासे केले. पाचव्या वर्षी वसंतात ते झोपेतच गेले. अंत्यविधीला लोक काळ्या कोटांत आले आणि उकडायला लागल्यावर त्यांनी कोट काढले, तर आत एकेकाच्या छातीवर फोरमन किंवा मासा. पाद्री पहिल्या रांगेकडे बघून वाक्य विसरला. पेपरात छापून आलं की दक्षिण समुद्रातल्या आपल्या जन्मभूमीची चव या माणसाने ॲक्रनला दिली. मार्लीनने फोन करून खडसावलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली की मिस्टर एंग बेटावरचे नव्हते, चीनचे होते. त्या दुरुस्तीत हॉटेलाचं नाव चुकलं होतं.

आता मासा कोल्टन करतो. कसा करायचा ते मीच सांगितलं, मला माहीत होतं तेवढं. तो आच मोठी ठेवतो, झाकण सारखं उघडतो आणि मासा चामड्यासारखा करून ठेवतो. गेल्या वर्षी मी त्याला तोंडावर सांगितलं, “कोल्टन, हा मासा दोनदा मेलाय.”

“मावशी, लोकांना तर आवडला.”

“लोकांचं मला सांगू नकोस. लोकांना मी लानी म्हणूनही आवडले होते.”

तो हसला, पण कान लाल झाले. या वर्षी मी पातेल्यापाशी उभी राहून दाखवणार आहे त्याला. मार्लीनही येते म्हणाली आहे. तेल ती तापवेल, म्हणजे गुडघे भरून आले तर मला खुर्चीवर बसून ओरडता येईल.